पानाच्या पोटावरची लोकर

"सिल्विया, जर्नलकडे पेपर सोमवारी जाणार म्हणजे जाणार. आता नवीन शंका काढायची नाही," आगाशे सर फोनवर म्हणाले.

मी शंका काढतच नव्हते. शनिवारची सकाळ, साडेदहा वाजलेले, आणि मी कॅमेऱ्याखाली एक वाळलेली फांदी ठेवून तिच्या पानांचे शेवटचे फोटो काढत होते. एका पानावर चिकटवलेल्या कागदी पट्टीच्या कडेला काहीतरी पांढरं दिसत होतं. डिंक असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"शंका कसली, सर," मी म्हटलं.

"छान. आम्ही बारापर्यंत पोचतो. मालतीला तिच्या झाडाबरोबर फोटो हवाय. बॅनरवर टाकायचाय."

फोन ठेवला आणि मी सुई उचलली. तिथेच चुकलं माझं. नाहीतर आज जगाच्या यादीत एक झाड जास्त असतं.

थोडं मागे जाते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. गिरगावातल्या एका जुन्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये मी एकतीस वर्षं नोकरी केली. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांची लायब्ररी. माझगावला आमच्या घरी माझी मावशी शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमची सिल्विया कॉलेजात पाला सांभाळते." तिचं काही चुकत नव्हतं. फांदी दाबून वाळवायची, जाड पांढऱ्या कागदावर टाके घालून आणि कागदी पट्ट्यांनी बसवायची. याला शीट म्हणतात. खालच्या कोपऱ्यात लेबल, म्हणजे कोणी, कुठून, कधी आणलं. वरच्या कोपऱ्यात एक छोटी कागदी पुडी. फांदीवरून जे काही गळेल, पाकळी म्हणा, बी म्हणा, ते त्या पुडीत जातं. फेकायचं काहीच नाही. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना नियम.

दुसरा नियम चिठ्ठीचा. झाड कोणतं आहे हे ज्याने ओळखलं तो आपल्या नावाची चिठ्ठी शीटवर चिकटवतो. पुढे कोणाला वाटलं की आधीच्याने चूक केली, तर त्याने खाली आपली चिठ्ठी चिकटवायची. आधीची फाडायची नाही. काही शीटवर पाच-पाच चिठ्ठ्या आहेत, आणि वाचताना मोठी माणसं शंभर वर्षं एकमेकांशी भांडतायत असं वाटतं.

आता आगाशे सर. आमचे प्रमुख, राहणारे दादरचे. चौतीस वर्षं नोकरी, दोन महिन्यांनी रिटायर होणार होते. माणूस सरळ, फक्त हट्टी. त्यांना आयुष्यात एकच खंत होती. त्यांच्या नावावर एकही नवी जात नव्हती. म्हणजे जगात आधी कोणी न ओळखलेलं झाड त्यांनी शोधून त्याचं बारसं केलं, असं एकदाही झालं नव्हतं. त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका मित्राच्या नावावर सहा होती. तो दर दिवाळीला फोन करायचा आणि विचारायचा, "काय आगाशे, सापडलं का काही?" मला विचाराल तर असल्या मित्राचा फोन उचलूच नये. सर उचलायचे, आणि नंतर दोन दिवस ऑफिसात कोणाशी धड बोलायचे नाहीत.

आणि मग रिटायरमेंटच्या तोंडावर, कपाटं आवरताना, त्यांना सात शीट्स सापडली.

हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंती, झेंडू, डोंगरावरची सोनकी, सगळी याच घरची. या कुळाची एक गंमत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. ती चाळ असते. एका गॅलरीत दाटीवाटीने राहणारी वीस, तीस, शंभर बारीक फुलं, आणि बाहेरून सगळ्यांना मिळून एक कठडा. त्यामुळे या कुळातली झाडं ओळखायची म्हणजे चाळीत किती बिऱ्हाडं आहेत ते मोजायचं. वाळलेलं फूल गरम पाण्यात भिजवायचं, चिमट्याने उघडायचं आणि मोजत बसायचं. मान धरते, डोळे भरून येतात, आणि बाजूला कोणी शिंकलं की पुन्हा एकपासून.

आमची झुडपं सह्याद्रीच्या वरच्या उतारावरची, पुरुषभर उंच, जांभळ्या फुलांची. लॅटिन नावं सांगून तुम्हाला पळवून लावत नाही. आम्ही ऑफिसात त्यांना एक नंबर आणि दोन नंबर म्हणायचो. दोघं सख्खे भाऊ. लांबून बघाल तर फरक सांगता येणार नाही, जवळून बघाल तरी बहुतेक नाही. एक नंबरच्या चाळीत पंचवीस-तीस बिऱ्हाडं, दोन नंबरच्या बारा-पंधरा. दोघांच्याही पानाच्या पोटावर, म्हणजे खालच्या बाजूला, पांढरी लोकर.

सरांच्या सात शीट्सवर लोकर नव्हती. पानाचं पोट अगदी गुळगुळीत. सातही शीट्स नाशिककडच्या एकाच डोंगरावरून खूप वर्षांपूर्वी आणलेली. आणणारे गृहस्थ कधीच वारले होते, आणि लेबलवर त्यांनी फक्त "झुडूप, फूल जांभळे" एवढंच लिहिलं होतं.

"सिल्विया," सर भिंग खाली ठेवत म्हणाले, "हे तिसरं आहे."

त्यांनी सातही शीट्सवर लगेच चिठ्ठ्या चिकटवल्या. नवी जात. खाली सही. नाव काय ठेवायचं हेही त्याच दुपारी ठरलं. बायकोचं, मालतीबाईंचं.

आम्ही त्या डोंगरावरही जाऊन आलो. माझा गुडघा तेव्हापासून दुखतो तो आजतागायत. उतारावर झुडपं खूप होती, पण सगळी लोकरवाली. बिनलोकरीचं एकही नाही. मी एका दगडावर बसून गुडघा चोळत म्हटलं, "सर, इथे तर सगळे एक नंबरच दिसतायत."

"बरोबर," सर आनंदाने म्हणाले. "एक नंबरने आपल्या झाडाला हुसकावून लावलं. आपलं झाड नामशेष झालं."

म्हणजे झाड नवीन, आणि सापडायच्या आधीच मेलेलं. पेपरला त्यामुळे फार भारदस्तपणा आला.

फक्त एक गोष्ट मला खुपत होती. सात शीट्सवरच्या फुलांतली बिऱ्हाडं मी मोजली होती. पाच शीट्सवर सव्वीस ते तीस. दोन शीट्सवर बारा ते चौदा. मधलं काही नाही. सरांना दाखवलं तर त्यांनी पेपरात लिहिलं, "ही जात अत्यंत परिवर्तनशील आहे." मी दुसरी लेखिका होते. मी मुकाट्याने मान हलवली. दोन शिकलेल्या माणसांना कळलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. कळून घ्यायचंच नव्हतं आम्हाला.

तर शनिवार, साडेदहा, सुई. पट्टीच्या कडेचं ते पांढरं मी टोचून बघितलं. डिंक असता तर कडकन तुटला असता. हे ओढलं गेलं. धागे होते. मी ब्रश पाण्यात बुडवून पट्टी ओली केली, पाच मिनिटं थांबले आणि हळूच उचलली.

खाली लोकर होती. पट्टीच्या रुंदीएवढाच, सरळ कडांचा, पांढराशुभ्र पट्टा. मनगटावरचं घड्याळ काढल्यावर दिसतो तसा.

दुसरी पट्टी उचलली. खाली लोकर. दुसरं शीट काढलं, तिथेही लोकर. देवा रे! झाडाला कधी पट्टी बघून लोकर येते का? या झाडांवर लोकर होती, आणि ती कोणीतरी काढली होती. जिथे हात पोचला नाही तिथे राहिली होती.

आमच्याकडे शीट्सना हात लावणारी माणसं तीन. सर, मी आणि परबमामा.

"परबमामा!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या क्लार्कने वर बघितलं असेल.

परबमामा आमचे अटेंडंट. लालबागला राहणारे, मूळ गाव मालवणकडे. गिरणीत होते, आधी बदली कामगार म्हणून स्पिनिंग खात्यात, मग अनेक वर्षं फिनिशिंगला. गिरणी बंद पडली, मग दोन-चार ठिकाणी वॉचमनगिरी करून आमच्याकडे काँट्रॅक्टवर लागले. काम चोख. टेबलावर धूळ आहे, बाटलीला बूच नाही, असं व्हायचं नाही. बोलणं अर्धं मालवणी, अर्धं लालबागचं.

"काय शिलूबाय? आग लागली?" ते फडकं घेऊनच आले.

"ही शीट्स कोणी साफ केली?"

त्यांनी वाकून बघितलं आणि चेहरा खुलला. "ही? ही मियां केलंय. बुरशी इल्ली हुती सगळ्यांवर. दोन वर्सां झाली. पावसाळ्यात."

"बुरशी?"

"पानाच्या खालसून. पांढरीधोप. बघवत नव्हता." आणि मग, शाळेतल्या पोराने पाठ म्हणून दाखवावा तसं त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तुमीच लिवलास न्हय?"

भिंतीवर माझ्याच हातची सूचना. लाल स्केचपेनने, अधोरेखित. "पानावर पांढरे दिसल्यास मऊ ब्रश व स्पिरिट वापरावे. काहीही फेकू नये."

मी खुर्चीत बसले. मुंबईच्या दमट हवेत हर्बेरियमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुरशी, आणि ती काढायची पद्धत हीच. मीच शिकवली होती. फक्त झाडाच्या स्वतःच्या अंगावरही पांढरं असतं, हे सांगायला विसरले होते. मला वाटलं, ते कोणालाही माहीत असतं.

"अहो मामा, ती बुरशी नव्हती. लोकर होती. झाडाची."

"लोकर?" परबमामांनी पान पुन्हा वाकून बघितलं. "मगे ती निघाली बरी. मियां सिंजिंगवर हुतंय ना."

"कशावर?"

"सिंजिंग मशीन. कापडार रेशे ऱ्हवले तर रंग नीट बसना नाय. म्हणान कापूड ज्वाळेवरसून न्हेतत, रेशे जळान जातत. कापूड कसां, आरशासारख्यां! हय ज्वाळा चालूची नाय म्हणान ब्रशान केलंय. एकेका पानाक अर्धो तास."

म्हणजे ज्या माणसाने उमेदीची वर्षं कापडावरची लव जाळण्यात घालवली होती, त्याच्यासमोर मी लोकरीची पानं ठेवली होती आणि वर लेखी परवानगी दिली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

"मग बाकीची का नाही केलीत? याच कपाटात एक नंबरची शंभरेक शीट्स आहेत. ती अजून लोकरीची आहेत."

"स्पिरिट संपला," परबमामा म्हणाले. "ऑफिसात इंडेंट टाकलंय. अजून इलां नाय."

आमच्या ऑफिसच्या कारभाराला मी एकतीस वर्षं शिव्या घातल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले. स्पिरिटची दुसरी बाटली वेळेवर आली असती तर जगातून एक नंबर नावाचं झाडच गेलं असतं.

"आणि काढलेली लोकर? फेकलीत?"

परबमामांना राग आला. "टाकीन कशी? काय एक टाकूचां नाय म्हणान लिवलासा मां? पुडयेत घातलंय."

सातही शीट्सच्या वरच्या कोपऱ्यात पुड्या होत्याच. दोन वर्षं आमच्या नाकासमोर होत्या. सरांनी आणि मी त्या शीट्सवर एक अख्खं वर्ष काढलं होतं, भिंग लावून पानाची एकेक शीर बघितली होती, आणि दोघांपैकी एकानेही पुडी उघडली नव्हती. मी पहिली उघडली. आत पांढऱ्या लोकरीच्या चार बारीक वाती, समईत लावतात तशा, नीट वळून ठेवलेल्या.

"मोकळी ठेवली तर उडान जायत," परबमामांनी खुलासा केला. "म्हणान वळलंय."

तेवढ्यात जिन्यावर मालतीबाईंचा आवाज आला.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. त्या लवकर आल्या होत्या. जांभळी साडी, जांभळं ब्लाउज, केसात जांभळी शेवंती. झाडाला मॅचिंग. मागे सर, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"कुठाय माझं झाड?" त्या आल्या आल्या म्हणाल्या. "सिल्विया, फोटो असा काढ की झाड पण दिसलं पाहिजे आणि मी पण. उद्या आमच्या बिल्डिंगचं महिला मंडळ सत्कार करतंय. हॉल बुक झालाय, वड्यांची ऑर्डर दिलीय."

सर माझ्याकडे बघत होते. एवढे खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. माझ्या मनात आलं, पट्टी परत चिकटवावी. खरं सांगते, आलं मनात. डिंक समोरच होता. दोन महिन्यांत सर रिटायर, वर्षभरात मीही. कोण कशाला पट्टी उचलून बघतंय? मग आठवलं की मीच उचलली होती. आणखी पन्नास वर्षांनी दुसरी एखादी खडूस बाई उचलेल, आणि सरांच्या चिठ्ठीखाली आपली चिठ्ठी चिकटवेल. तेव्हा सर उत्तर द्यायला नसतील. ते मला सहन झालं नाही.

"सर," मी म्हटलं, "जरा भिंगातून बघा."

त्यांनी बघितलं. लोकरीचा पट्टा बघितला. दुसरा बघितला. मी पुडी पुढे केली. त्यांनी वाती बघितल्या. मग परबमामांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या सूचनेकडे, मग माझ्याकडे. सर खुर्चीत बसले, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले. "एकही नाही."

मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. मालतीबाईंना मात्र काही समजत नव्हतं. "अहो, झालं काय? कोणी सांगेल का मला?"

सांगणं माझ्यावर आलं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं झाड म्हणजे टक्कल केलेलं दुसऱ्याचंच झाड?"

"हो."

"आणि डोंगरावर ते का सापडलं नाही मग?"

"सर म्हणाले, नामशेष झालं."

"नामशेष?" मालतीबाई सरांकडे वळल्या. "मेलेल्या झाडाला माझं नाव देत होतात? आणि मी बिल्डिंगभर सांगत सुटले! एका शब्दाने बोलला नाहीत मला!"

सर गडबडले. "अगं, शास्त्रात त्याला फार मान..."

"तुमचा मान तुमच्यापाशी. मी चांगली धडधाकट आहे."

परबमामा इतका वेळ कोपऱ्यात फडकं पिळत उभे होते. त्यांना आपल्या नोकरीची काळजी लागली होती हे मला दिसत होतं. ते पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, माजां चुकलां. पण एक सांगू? ती सगळी एक नाय हत."

"काय एक नाहीत?" सर वैतागून म्हणाले.

"लोकर. दोन तऱ्हेची आसा. ह्या पाच शीटांची लांब तारेची, वळूक बरी. ह्या दोन शीटांची वळनाच नाय. आखूड. भुगो झालो. कापसात असतत तसे दोन जातीचे."

त्यांनी ती दोन शीट्स बाजूला काढली. तीच दोन. बारा ते चौदावाली.

"बघू," मालतीबाई म्हणाल्या. कोणी अडवायच्या आत त्यांनी एका पुडीतली लोकर चिमटीत घेतली आणि तळहातावर वात वळायला सुरुवात केली.

"मालती! टाइप मटेरियल आहे ते! नव्या जातीचा मूळ नमुना!" सर किंचाळले.

"होतं," मी म्हटलं.

"ही वळतेय," मालतीबाई म्हणाल्या. मग दुसऱ्या पुडीतली घेतली. "आणि ही नाही. पीठच होतंय हिचं. बरोबर बोलतायत परब. मंडळाच्या लक्ष वातींना असला कापूस कोणी दिला असता तर परत पाठवला असता."

सर उठले. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि मायक्रोस्कोपपाशी गेले. आधी वात, मग भुगा. पुन्हा वात, पुन्हा भुगा. त्यांची पाठ हळूहळू सरळ होत गेली. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होते. ही पाठ सरळ होते तेव्हा काहीतरी जुळलेलं असतं.

"एक नंबरचा केस लांब आहे आणि गुंततो," ते म्हणाले. "दोन नंबरचा आखूड, जाड, आणि बुडाशी मोडतो. सिल्विया, ती दोन शीट्स दोन नंबर आहेत. दोघं एकाच उतारावर वाढतायत आणि आपण सगळ्यांना एक नंबर म्हणत आलो. म्हणूनच तुझे आकडे..."

"परिवर्तनशील होते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग हसले. खूप दिवसांनी हसले.

दुपारी आम्ही एक नंबरचं सगळं कपाट काढलं. दर शीटच्या पानाची एक चिमूट लोकर, तीही पुडीतच गळालेली, बोटांत घ्यायची. परबमामा एका टोकाला, मालतीबाई जांभळ्या साडीत दुसऱ्या टोकाला. वळली की डावीकडे, नाही वळली की उजवीकडे. नंतर मी फुलं भिजवून आकडे मोजायचे. त्यांच्या बोटांनी उजवीकडे टाकलेली अकरा शीट्स निघाली. अकराही बारा ते पंधरा. एकदाही चुकले नाहीत. आमच्या पुस्तकांत या दोन भावांत फरक सांगायला दीड पान खर्च केलेलं आहे, आणि शेवटी "ओळखणे कठीण" असं लिहिलेलं आहे.

संध्याकाळी चिठ्ठ्यांचं काम उरलं. सरांच्या सातही चिठ्ठ्या शीट्सवर होत्या. नवी जात, खाली सही. पेपर गेलाच नव्हता, त्यामुळे त्या बाहेर कोणीच बघितल्या नव्हत्या. ओल्या ब्रशने दोन मिनिटांत निघाल्या असत्या. मी मुद्दामच कपाटाकडे तोंड करून उभी राहिले आणि शीट्स उगाचच लावत बसले. सरांना जे करायचं ते करू दे, मी बघितलं नाही.

मग पेनाचा आवाज आला.

मी वळले तेव्हा त्यांनी सातही जुन्या चिठ्ठ्या तशाच ठेवून खाली नव्या चिकटवल्या होत्या. पाच शीट्सवर लिहिलं होतं, एक नंबर, चूक माझी, आणि सही. उरलेल्या दोन आणि उजवीकडच्या अकरा शीट्सवर लिहिलं होतं, दोन नंबर. पण ओळखणाऱ्याच्या जागी सरांचं नाव नव्हतं. तिथे त्यांच्या रेखीव अक्षरात होतं, पांडुरंग परब आणि मालती आगाशे.

मालतीबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "ही कधी फाडत नाहीत ना?" त्यांनी मला विचारलं.

"कधीच नाही."

"मग असू दे," त्या म्हणाल्या आणि केसातली शेवंती सारखी करत राहिल्या.

परबमामा मात्र घाबरले. नोकरीत त्यांचं नाव कागदावर यायचं ते नेहमी एकाच कारणाने. "सर, माजां नाव कित्याक? मेमो दितास काय माका?"

"नाही हो परब," सर म्हणाले. "पेढा घ्या."

पेपर सोमवारी गेला नाही. तीन महिन्यांनी दुसरा गेला, दीड पानाचा, आणि छापून आला. नवी जात एकही नाही. रविवारचा सत्कार मात्र ठरल्याप्रमाणे झाला, बॅनरशिवाय. वडे चांगले होते. दिवाळीत सरांच्या मित्राचा फोन आला. "काय आगाशे, सापडलं का काही?" सर म्हणाले, "हो, चूक सापडली. माझीच. आणि तुझ्या सहापैकी दोन जातींची शीट्स तपासायला पाठव, आमच्याकडे एक एक्स्पर्ट आहेत." त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

मला यातून काय शिकायला मिळालं ते सांगते. भिंग उचलायच्या आधी पुडी उघडावी. आणि दुसऱ्याला सूचना देताना, आपल्याला जे माहीत आहे ते त्यालाही माहीत असेल असं धरून चालू नये. भिंतीवरची सूचना मी त्याच आठवड्यात बदलली. "पांढरे दिसल्यास आधी तज्ज्ञांना विचारावे."

दुसऱ्या दिवशी बघते तर खाली परबमामांच्या अक्षरात, पेन्सिलीने, एकच शब्द होता.

"कोणाक?"